सिलिकॉनची वडी, स्टीलची गोळी : प्रकल्पाच्या नोंदी

काम एका वाक्यात सांगता येतं. मऊ सिलिकॉनची वडी ओतायची, तिच्यात १० मिलीमीटर व्यासाची स्टीलची गोळी दाबायची आणि किती बल लागलं ते मोजायचं. तेच बल वडीला हात न लावता, वेगळ्या ताण-चाचणीवरून आणि सिम्युलेशनवरून काढूनही दाखवायचं. आमच्या गटाचं खरं लक्ष्य टाचेखालची चरबीची गादी आहे. पण साध्या, एकजिनसी सिलिकॉनचं उत्तर काढता येत नसेल तर उतींच्या वाटेला जाऊ नये, असं मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगत आले आहे. या वेळी म्हटलं, आपणच पहिल्यापासून करून बघू.

दोन आठवड्यांचा अंदाज होता, सात लागले. मी हायपरइलॅस्टिसिटी (रबरासारख्या खूप ताणणाऱ्या साहित्याचं गणित) वर्गात शिकवते, पण स्वतःच्या हाताने सिलिकॉन ओतून बरीच वर्षं झाली होती. खालच्या निम्म्या चुका त्यातूनच झाल्या आहेत.

३ जून

साहित्य : एकोफ्लेक्स ००-३०, म्हणजे प्लॅटिनमवर घट्ट होणारं सिलिकॉन. दोन्ही भाग समप्रमाणात घ्यायचे. मिसळल्यावर हाताशी ४५ मिनिटं असतात, आणि खोलीच्या तापमानाला ४ तासांत साच्यातून काढता येतं.

वडी ६० मिलीमीटर व्यासाची, २० मिलीमीटर उंच. घनता १.०७ धरली तर साधारण ६० ग्रॅम माल. शिवाय डंबेल (ओढून बघायचे, टोकांना रुंद आणि मध्ये अरुंद असे नमुने) कापायला त्याच सिलिकॉनचा २ मिलीमीटर जाडीचा पत्रा. सगळं मिळून २०० ग्रॅम मिसळलं आणि ३०० मिलीलीटरच्या पेल्यात, बुडबुडे काढायला व्हॅक्यूमला लावलं.

फेस वर येतो हे माहीत होतं. किती येतो हे विसरले होते. मिनिटभरात पेला भरला, काठावरून उतू गेला, चेंबरच्या तळाशी साचला आणि पंपाच्या नळीच्या तोंडापर्यंत पोचला. व्हॅक्यूम सोडेपर्यंत निम्मा माल बाहेर. भांडं मालाच्या निदान चौपट-पाचपट घ्या. चेंबर पुसायला दीड तास गेला, कारण अर्धवट घट्ट झालेलं सिलिकॉन पुसलं जात नाही, फक्त पसरतं. शेवटी पूर्ण घट्ट होऊ दिलं आणि सोललं. तेच पहिल्यांदा सुचायला हवं होतं.

उरलेल्या मालात पत्रा आणि एक वडी ओतली.

४ जून

सकाळी विद्यार्थिनीने साचा उघडला. "मॅडम, हे अजून चिकट आहे." वरची बाजू छान, कोरडी. साच्याला लागलेली बाजू मधासारखी. साचा रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरवर काढला होता. त्या रेझिनमधले काही घटक प्लॅटिनमचं काम बंद पाडतात. वर आणखी एक गुन्हा : मिसळताना मी लॅटेक्सचे हातमोजे घातले होते. लॅटेक्समधलं गंधकही तेच करतं. आता व्हिनाइलचे मोजे, आणि साचा अ‍ॅक्रिलिकचा.

चिकटपणा ओव्हनमध्ये जाईल या आशेवर दुपार घालवली. जात नाही. टाकून द्या.

९ जून

पत्र्यासाठी लेझरने कापलेली अ‍ॅक्रिलिकची चौकट. वडीसाठी मात्र पीएलएचा (थ्रीडी प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक) छापलेला साचा, कारण तो तयार होता. पीएलएने सिलिकॉनला काही केलं नाही, चार तासांत वडी सुंदर घट्ट झाली. मग पुढचा उष्णोपचार : ८० अंशांना २ तास, १०० अंशांना १ तास. मी साच्यासकट ओव्हनमध्ये ठेवली. पीएलए ६० अंशांच्या आसपासच मऊ पडतं. साचा बसला, वडी तिरकी दाबली गेली आणि तशीच पक्की झाली. एका बाजूला २० मिलीमीटर, दुसऱ्या बाजूला १८.

त्याच दिवशी पुन्हा ओतलं, रात्री साच्यातून काढलं, मग तापवलं. ही वडी टिकली. खाली जिथे जिथे 'वडी' येईल ती हीच.

१२ जून

पहिली ताण-चाचणी. आयएसओ ३७ मधलं टाइप २ डंबेल : मधला अरुंद भाग ४ मिलीमीटर रुंद, जाडी २. छेदाचं क्षेत्रफळ ८ चौरस मिलीमीटर.

आलेख बघून आधी वाटलं यंत्र बिघडलं. रेषा नव्हतीच, गवताचा पट्टा होता. यंत्रावर ५०० न्यूटनचा लोड सेल (बल मोजणारा भाग) होता. हा तुकडा दुप्पट लांब ओढला तरी जेमतेम पाव न्यूटन लागतो. पूर्ण क्षमतेच्या ०.१ टक्का म्हणजेच अर्धा न्यूटन, आपलं अख्खं मोजमाप त्याच्याही आत. १० न्यूटनचा सेल मागून आणला, तो बसवायला आणि कॅलिब्रेट करायला दोन दिवस.

यंत्रापाशी जाण्याआधी वहीत एक भागाकार केला असता तर हे दोन दिवस वाचले असते. हे वाक्य मी विद्यार्थ्यांना दर वर्षी ऐकवते, म्हणून इथे लिहिताना विशेष लाज वाटते.

१५ जून

जाडी. याला वेगळी नोंद, कारण ही चूक दिसत नाही.

व्हर्नियरने पत्रा मोजला : १.८३. दुसऱ्याने मोजला : १.९१. तिसऱ्याने १.७६. तिघंही बरोबर. जबडे मिटताना सिलिकॉन दबतं, आणि किती दबतं ते अंगठ्यावर अवलंबून. मग ५० बाय २० मिलीमीटरचा आयत कापला आणि वजन केलं : २.१६ ग्रॅम. घनतेने भागलं तर जाडी २.०२. खात्रीसाठी काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये तुकडा ठेवून, वर दाब न देता, कडेने फोटो काढून मोजलं. पुन्हा २.०२ च्या जवळ.

१.८३ आणि २.०२ यांत १० टक्क्यांचा फरक आहे, आणि तो जसाच्या तसा ताणबलात उतरतो. व्हर्नियर ठेवून दिला. मऊ वस्तूची जाडी तराजूने मोजायची.

१६ जून

जबड्यांमधलं अंतर म्हणजे नमुन्याची लांबी नव्हे. ओढलं की डंबेलचे रुंद कान पातळ होतात आणि हळूहळू जबड्यातून सरकत बाहेर येतात. यंत्र ते सगळं ताण म्हणून मोजतं. मधल्या भागावर दोन ठिपके आणि कॅमेरा हाच उपाय. मार्करची शाई दुसऱ्या ओढीला तडकली. शेवटी त्याच सिलिकॉनमध्ये काळा रंग मिसळून टाचणीच्या टोकाने ठिपके दिले. ते नमुन्याबरोबर ताणतात, सुटत नाहीत.

१९ जून

पाच नमुने, प्रत्येकी पाच फेऱ्या, ३०० टक्क्यांपर्यंत. पहिल्या फेरीत साहित्य कडक, नंतर मऊ पडतं आणि स्थिरावतं, हा रबराचा जुना मुलिन्स परिणाम. रीतीप्रमाणे पाचवी फेरी घेतली, पहिल्या चार टाकल्या. याचे भोग १६ जुलैला.

२३ जून

ताण आणि बल यांचं नातं सांगणारं, तीन पदांचं ऑग्डेन मॉडेल मोजमापांवर बसवलं. सहा स्थिरांक, दर पदाला एक गुणक आणि एक घातांक. फिट इतका सुंदर की बिंदूंच्या खालून रेषा दिसेना. विद्यार्थ्याने आलेख गटाच्या फळ्यावर लावला.

२५ जून

फेबायो या सॉफ्टवेअरमध्ये पहिलं सिम्युलेशन. गोळी ०.७ मिलीमीटर आत गेली आणि 'निगेटिव्ह जेकोबियन' (मेशमधला, म्हणजे वडीचे लहान तुकडे पाडून केलेल्या जाळ्यातला, एखादा तुकडा उलटा झाला) म्हणून सॉल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारा भाग, थांबला. टाइम-स्टेप दहा पट लहान केली : ०.७२. कॉन्टॅक्टची पेनल्टी (गोळी वडीत घुसू नये म्हणून लावायचा आकडा) बदलली : ०.६८. दिवसभर तेच चाललं होतं. मेशला शिव्या देऊन झाल्या.

संध्याकाळी स्थिरांकांकडे नीट बघितलं. तीन घातांकांपैकी एक ३.४, दुसरा उणे ६.९, आणि त्यांच्या गुणकांच्या खुणा एकमेकांविरुद्ध. इथे जरा थांबून सांगते, कारण हे मला पुस्तकातून कधी असं दिसलं नव्हतं. एकाच दिशेने मोठा ताण दिला की साडेतीनचा घातांक आणि उणे सातचा घातांक जवळजवळ एकाच आकाराची वक्ररेषा देतात. त्यामुळे फिट करणारा प्रोग्राम एक मोठा अधिक आणि एक मोठा उणे घेऊन त्यांच्या वजाबाकीवर बारीकसारीक वळणं साधतो. ताणात दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. दाबात मात्र गणित पालटतं. लांबी ०.८ पट झाली तर साडेतीनवाल्या पदातली सर्वांत मोठी संख्या दोनच्याही आत राहते, उणे सातवाल्याची पावणेपाचच्या घरात जाते, आणि ती उणे खुणेसकट. म्हणजे आमचं कागदावरचं सिलिकॉन दाबलं की विरोध करण्याऐवजी स्वतःच आत ओढलं जात होतं. सॉल्व्हर बिचारा बरोबर थांबला होता.

गोळीच्या खाली साहित्य दाबलं जातं आणि आडवं पसरतं. आमच्याकडे एकाही दाबाची मोजणी नव्हती.

फळ्यावरचा आलेख काढला.

२७ जून

दाबाची चाचणी. आयएसओ ७७४३ चा गोल नमुना : २९ मिलीमीटर व्यास, १२.५ उंची. आमच्या हौसेने ओतलेल्या सहांपैकी चारच बुडबुड्यांशिवाय निघाले.

कोरड्या प्लेटांमध्ये दाबला तर पिंपासारखा फुगतो, कारण वरची-खालची तोंडं प्लेटला धरून बसतात. हा किरकोळ परिणाम नाही. या आकाराला तोंडं पूर्ण चिकटलेली असतील तर वरवरचा कडकपणा सुमारे ६७ टक्क्यांनी जास्त दिसतो. गेंट आणि लिंडले यांचं १९५९ चं सूत्र सरळ आकार-गुणोत्तरावरून हे देतं. कोरडं सिलिकॉन पूर्ण चिकटत नाही आणि पूर्ण सरकतही नाही, म्हणजे नक्की कुठे आहोत हेच कळत नाही.

म्हणून वंगण. कपाटात सिलिकॉन तेल होतं, तेच लावलं. अर्ध्या तासाने नमुना २९ चा जवळपास ३० झाला होता. सिलिकॉन तेल सिलिकॉनमध्ये शिरतं आणि ते फुगवतं. हे रसायनाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगता आलं असतं. चारातले दोन नमुने गेले. उरलेल्या दोघांना ग्लिसरीन लावलं. कडा सरळ राहिल्या, पिंप झालं नाही.

३० जून

ताण आणि दाब एकत्र घेऊन, प्रत्येक गुणक अधिक खुणेचाच असला पाहिजे अशी अट घालून पुन्हा फिट. एकच पद पुरलं. घातांक २ च्या इतका जवळ की सरळ निओ-हुकियन (रबराचं सर्वांत साधं मॉडेल) म्हणा. शिअर मॉड्युलस, म्हणजे कडकपणाचा आकडा, १९ किलोपास्कल. सहा स्थिरांकांवरून एकावर आलो.

वडी खरखरीत केलेल्या प्लेटवर त्याच सिलिकॉनच्या पातळ थराने चिकटवली. (तळ चिकटलेला की सुटा, याने २ मिलीमीटर खोलीला ५ टक्क्यांच्या आतच फरक पडतो. पण माहीत असलेलं बरं.) गोळी दाबली : २ मिलीमीटरला १.११ न्यूटन.

सिम्युलेशन : १.०७.

चार टक्के! खोलीत टाळ्या पडल्या. मी त्याच रात्री एका स्लाइडवर दोन्ही रेषा टाकल्या आणि सहकाऱ्याला पाठवल्या.

२ जुलै

मेश बारीक करून बघणं हे आमच्याकडे नियमात आहे, म्हणून विद्यार्थिनीने केलं. मला वाटलं होतं एक-दोन टक्के हलेल.

पहिल्या बारकाईला १.०७ चं ०.८१ झालं, दुसरीला ०.६२, तिसरीला ०.५२. तिसरी धाव सहा तास चालली.

याचं काय कारण ते ओळखायला मला फार वेळ लागला नाही. घाईत स्वयंचलित मेश घेतला होता, चार नोडचे (कोपऱ्यांचे) टेट एलिमेंट, म्हणजे पिरॅमिडसारखे तुकडे. जवळपास असंपीड्य (दाबलं तरी आकारमान न बदलणाऱ्या) साहित्यात हे एलिमेंट लॉक होतात : प्रत्येकाला आपलं आकारमान जपायचं असतं आणि तेवढी मोकळीक त्यांच्याकडे नसते, मग सगळा ठोकळा खोटा कडक वागतो. आठ नोडचे विटेसारखे एलिमेंट घेऊन, दोन सममिती-पातळ्या वापरून पाव वडीचा मेश हाताने बांधला. चाळीस मिनिटांत धाव संपली. उत्तर ०.३९, आणि मेश आणखी बारीक केला तरी ०.३९.

म्हणजे उत्तर स्थिर झालं, आणि प्रयोगाच्या जवळपास एक-तृतीयांश.

३ ते ८ जुलै

सहा दिवसांचा हिशेब थोडक्यात. घर्षण बदललं, फरक नगण्य. वडीची उंची पुन्हा मोजली. गोळीचा व्यास मोजला (१०.००, अर्थात). लोड सेलवर ज्ञात वजनं टांगली, सेल बरोबर. आकारमान-मॉड्युलस आणि शिअर मॉड्युलस यांचं गुणोत्तर ५० वरून ५०० आणि मग ५००० केलं. ५० म्हणजे पॉयसनचं गुणोत्तर ०.४९, एवढ्याने गोळीखाली आकारमान थोडं हरवतं. ५०० च्या पुढे बल हलत नाही, फक्त सॉल्व्हर धापा टाकतो. ५०० वर ठेवलं.

एका विद्यार्थ्याने सुचवलं की मॉड्युलस वाढवून जुळवून घेऊ. तो नवा आहे. पण खरं सांगायचं तर ७ तारखेच्या रात्री माझ्याही मनात ते येऊन गेलं.

९ जुलै

जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते आज केलं. एकच एलिमेंट, १ मिलीमीटरचा घन. एका दिशेने दुप्पट ओढायचा, बाकी बाजू मोकळ्या. याचं उत्तर हाताने येतं : १९ ला १.७५ ने गुणलं की ३३.३ किलोपास्कल. सॉल्व्हरने दिलं १६.६.

नेमकं निम्मं. निम्मं आलं की ती भौतिकी नसते, कुणीतरी दोनाने भागलेलं असतं.

ऑग्डेनचं सूत्र तीन प्रकारे लिहितात. मूळ रूपात गुणकाला घातांकाने भागतात. अ‍ॅबॅकस या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या रूपात दुप्पट गुणकाला घातांकाच्या वर्गाने भागतात, त्यामुळे गुणकांची बेरीज हाच शिअर मॉड्युलस. फेबायोच्या रूपात नुसता गुणक भागिले घातांकाचा वर्ग, म्हणून शिअर मॉड्युलस गुणकांच्या बेरजेच्या निम्मा. आमचा फिट करणारा प्रोग्राम दुसऱ्या रूपात लिहिलेला होता आणि त्याचा आकडा मी तिसऱ्या रूपाच्या रकान्यात टाकला. नियमावलीत हे स्पष्ट छापलेलं आहे. मी सूत्राकडे बघितलं होतं, 'ऑग्डेन' हे नाव वाचून पुढे गेले होते.

३० जूनला जे जुळलं ते असं जुळलं : साहित्य चुकून निम्मं मऊ, एलिमेंट लॉक होऊन पावणेतीन पट कडक, आणि प्रयोगाचा आकडाही (हे दोन दिवसांनी कळलं) चुकीचा. तीन चुकांची बेरीज चार टक्क्यांवर आली. मेश बारीक करण्याचा नियम नसता तर ती स्लाइड आज एखाद्या लेखात असती. सहकाऱ्याला पत्र लिहून स्लाइड मागे घेतली. त्याचं उत्तर आलं : "मला वाटलंच होतं, पहिल्याच दिवशी कसं जुळलं."

११ जुलै

गुणक दुप्पट केला. सिम्युलेशन ०.७८, प्रयोग १.११. आता सिम्युलेशन ३० टक्के कमी.

या वेळी आधी पाकिटाच्या पाठीवरचं गणित. गोळी आणि सपाट पृष्ठभागाच्या स्पर्शाचं जे हर्ट्झचं सूत्र आहे त्याने २ मिलीमीटरला साधारण ०.६४ न्यूटन येतात. २० मिलीमीटर हे अनंत नाही, खालची प्लेट जाणवते. जाडीची दुरुस्ती धरली की सुमारे २१ टक्के वाढ, म्हणजे ०.७८. सॉल्व्हर आणि हाताचं गणित एका बाजूला, प्रयोग एकटा दुसऱ्या बाजूला. तेव्हा प्रयोगच तपासायचा.

यंत्र 'स्पर्श झाला' कधी म्हणतं? ०.०५ न्यूटन बल दिसलं की. ही मूळचीच सेटिंग होती. धातूला ती ठीक आहे. आमच्या वडीत ०.०५ न्यूटन लागेपर्यंत गोळी ०.३ मिलीमीटर आत गेलेली असते. म्हणजे आम्ही ज्याला २ मिलीमीटर म्हणत होतो ते २.३ होतं. बल खोलीच्या दीड घाताने वाढतं, म्हणून शून्याची एवढीशी चूक बलात पाव हिस्सा होऊन येते.

उंबरठा आणखी खाली आणला तर वेगळंच नाटक. वडीचा पृष्ठभाग चिकट, गोळी जवळ आली की तो उडी मारून तिला धरतो. स्पर्शाच्या क्षणी बल उलट दिशेचं दिसतं. पृष्ठभागावर टाल्कची अगदी पातळ भुकटी झटकली, उडी थांबली. मग शून्य यंत्रावर न सोपवता कॅमेऱ्याने ठरवलं : गोळी आणि तिचं वडीच्या पृष्ठभागातलं प्रतिबिंब एकमेकांना टेकतात ती फ्रेम. कॅमेरा जवळजवळ आडवा, पृष्ठभागाच्या पातळीत हवा. दहा वेळा केलं तेव्हा दहाही वाचनं ०.०४ मिलीमीटरच्या आत.

नवं मोजमाप : २ मिलीमीटरला ०.८७.

१६ जुलै

०.७८ आणि ०.८७. अकरा टक्के. इथे सोडून द्यावं असं दोघांचं मत होतं.

१९ जूनच्या नोंदीकडे परत गेले. डंबेल आपण ३०० टक्के ओढून, चार फेऱ्या देऊन मऊ केले होते. वडीला मात्र कुणी कधी इतकं ताणलेलंच नाही. मुलिन्सची मऊ पडण्याची खोली मागच्या सर्वांत मोठ्या ताणावर ठरते. दोन वेगवेगळ्या आयुष्यांचं साहित्य आपण एक समजत होतो. 'पाचवी फेरी घ्यायची' ही रीत मी स्वतः शिकवत आले, पण किती ताणाची पाचवी फेरी, हे कधी सांगितल्याचं आठवत नाही.

सिम्युलेशनमधून गोळीखालचा सर्वांत मोठा ताण बघितला, त्यावरून नव्या डंबेलना फक्त ८० टक्क्यांपर्यंत पाच फेऱ्या दिल्या. वडीलाही त्याच जागी ठरलेल्या खोलीपर्यंत पाच वेळा दाबलं आणि पाचवा दाब घेतला. नवा शिअर मॉड्युलस २०.८.

१८ जुलै

२ मिलीमीटरला सिम्युलेशन ०.८५, प्रयोग ०.८७. ४ मिलीमीटरला २.६ आणि २.७. ६ मिलीमीटरला फरक ७ टक्क्यांवर जातो. टाल्क असूनही तिथे गोळीला थोडं घर्षण असावं असा माझा संशय आहे, पण संशयावर स्थिरांक बदलणार नाही.

सिलिकॉन १.१ किलो वापरलं, त्यातलं कामाला आलेलं ३०० ग्रॅमही नसेल. माणसांचे तास साधारण १९०. त्यातले सत्तरेक तास ३० जूनच्या त्या खोट्या यशाने खाल्ले, आणि सिम्युलेशनसाठी खरोखर लागलेला वेळ मेश बांधण्यासकट दोन दिवसांचा. व्हॅक्यूम चेंबरच्या झाकणाच्या खोबणीत अजून थोडं सिलिकॉन आहे.

एकच एलिमेंटचा तो घन आता आमच्या फोल्डरमध्ये सगळ्यात वर ठेवला आहे. कुठलंही नवं मॉडेल आलं की आधी तो ओढायचा आणि हाताच्या उत्तराशी ताडायचा. दोन मिनिटं लागतात.

२० जुलै

दोन थरांची वडी आज ओतली. खाली १५ मिलीमीटर हेच सिलिकॉन, वर ५ मिलीमीटर जरा कडक. वरचा थर ओतताना खालचा पूर्ण घट्ट झालेला नको, पण बोटाला लागणाराही नको. अडीच तासांवर ओतला, बघू.

विद्यार्थिनीने विचारलं, आधी प्रयोग की आधी सिम्युलेशन. आधी सिम्युलेशन. ३ मिलीमीटरला २.१ न्यूटन, असा आकडा तारीख घालून फळ्यावर लिहिला आहे, जिथे तो जुना आलेख होता तिथेच. वडी उद्या साच्यातून निघेल, मग ओव्हन. साचा या वेळी बाहेर.